सात पावलं आणि सातबारा

लग्नाचा हॉल वर्षभर आधी ठरतो. फोटोग्राफर आठ महिने आधी. मसालेभात की पुलाव यावर दोन घराण्यांच्या वाटाघाटी होतात, मध्यस्थ मामा. मठ्ठा हवाच, यावर मात्र एकमत होतं.

फ्लॅट कुणाच्या नावावर, हे कुणी काढत नाही.

म्हणजे, मुलीचा बाप विचारतो की! 'मुलाचं स्वतःचं घर आहे ना?' आहे, पिंपळे सौदागरला, टू बीएचके. बाप खूश. त्या घराला मुलीचं नाव लागणार का, हा खरं तर पुढचा प्रश्न. पण तो विचारला तर स्थळ हातचं जायचं.

घर बघून मुलगी देतात. मुलीला घर देत नाहीत.

'लग्न म्हणजे काय व्यवहार आहे का?' असं म्हणणारी माणसं एकदा याद्यांच्या बैठकीत बघावीत. मानपान, आहेर, तोळे, जेवणाचा खर्च कुणाकडे, वऱ्हाडाची बस कुणाची, सगळं कलमवार लिहिलं जातं. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. विवाहपूर्व करार आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणे. मग हे काय?

ज्यांचं लग्न, त्या दोघांची सही तेवढी नसते.

हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. म्हणून यादीत 'स्वखुशीने' हा शब्द आला.

आणि समजा नवरा-बायकोने खरोखरच करार केला, की उद्या वेगळे झालो तर घर असं असं वाटून घेऊ? हिंदू विवाहात आपली न्यायालयं अशा कागदाला सहसा धूप घालत नाहीत. करार कायद्याचं कलम २३, सार्वजनिक धोरणाला बाधा. वेगळं व्हायचा विचार आधीच करणं वाईट. विहिणीला साडी कितीची, याचा विचार आधीच करणं म्हणजे संस्कार.

बरं, लग्न लागतं नेमकं कधी? अक्षता पडल्या तेव्हा, हार घातले तेव्हा, की डीजे सुरू झाला तेव्हा? हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ सांगतं: रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा बजावलं की विधी न करता नुसतं प्रमाणपत्र आणलं तर ते हिंदू लग्न नव्हे. आणि लग्न म्हणजे नाचगाणं, खाणंपिणंही नव्हे, हेही जाता जाता सुनावलं.

न्यायमूर्तींना आपल्या संगीताचे व्हिडिओ कुणी फॉरवर्ड केले?

या सात पावलांनी मराठी मुलखातल्या एका नवऱ्याला तारलं आहे. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं, खटला झाला, शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६५ मध्ये निकाल लागला: दुसऱ्या लग्नात होम नव्हता, सप्तपदी नव्हती, म्हणजे ते कायद्याने लग्नच नव्हतं. लग्नच नाही तर दुसरं लग्न केल्याचा गुन्हा कुठला? पहिलीला दाद मिळाली नाही, दुसरी बायकोच ठरली नाही.

तो मात्र सुटला. भटजींना घाई असल्याचा एवढा फायदा आजवर कुणाला झाला नसेल.

लग्नाची नोंदणी महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने सक्तीची आहे. मुदत ९० दिवस. गावात ग्रामपंचायत, शहरात वॉर्ड ऑफिस. तीन साक्षीदार, पत्रिका, लग्नाचा फोटो, भटजींची सही. प्रत्यक्षात लोक कधी करतात?

व्हिसा लागतो तेव्हा.

नोंदणीचा असा कंटाळा असलेल्या समाजाची नोटरीवर मात्र अपार श्रद्धा. स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या केल्या, 'आजपासून आमचा संबंध नाही' असं टाइप करून घेतलं, गोल शिक्का मारला, की झाला घटस्फोट! नाही झाला. काही समाजांतल्या रूढीच्या काडीमोडीला कायद्याने जागा ठेवली आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकी सगळ्यांना न्यायालयाचा हुकूम लागतो. तो नसताना दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा. सरकारने २०२४ मध्ये शंभराच्या स्टॅम्पची जागा पाचशेच्या स्टॅम्पला दिली.

आता तोच निरुपयोगी कागद पाचपट महाग पडतो.

यापुढची अंधश्रद्धा पुरुषांची. 'घटस्फोट झाला की बायको निम्मी इस्टेट घेऊन जाते.' कट्ट्यावर, जिममध्ये, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे हेच. हॉलिवूडमधली एखादी जोडी वेगळी होते, कॅलिफोर्नियाचा कायदा संसारातली कमाई निम्मी-निम्मी वाटतो, आणि घाम सदाशिव पेठेत फुटतो.

घाम पुसा. आपल्याकडे असं काही नाही.

हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेच्या वाटणीवर जेमतेम एक कलम आहे, २७ नंबरचं. लग्नात किंवा त्या सुमारास दोघांना मिळून ज्या वस्तू मिळाल्या, त्यांचं काय करायचं ते कोर्टाने ठरवावं. म्हणजे मिक्सर, डिनर सेट आणि काकांनी दिलेलं ते राधाकृष्णाचं घड्याळ. याची सोय संसदेने १९५५ मध्ये लावून ठेवली. घराचं काय?

घर ज्याच्या नावावर, त्याचं.

दहा वर्षं स्वयंपाक केला, सासऱ्यांचं पथ्यपाणी सांभाळलं, मुलांचे अभ्यास घेतले, नोकरी सोडली. यातलं काहीही घराच्या इंडेक्स टूवर छापून येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात म्हटलं की नवरा कमावू शकतो तो घर सांभाळणाऱ्या बायकोच्या जिवावर, तेव्हा त्या कमाईच्या मालमत्तेत तिचा वाटा निम्मा. चेन्नईत हे न्यायमूर्तींच्या लक्षात आलं. इकडे अजून 'ती काही करत नाही, घरीच असते' असं ओळख करून देताना सांगतात.

स्त्रीधन तेवढं तिचं. निखळ तिचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं, २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं: ते नवरा-बायकोचं सामाईक नाही, नवऱ्याचा त्यावर ताबा नाही. अडचणीत वापरलं तर परत करणं त्याचं कर्तव्य. कायदा इतका स्वच्छ आहे. दागिने कुठे आहेत?

सासूबाईंच्या लॉकरमध्ये. 'जोखमीचं असतं गं.'

मग भांडण कोर्टात गेलं की पुरावा शोधायचा. सराफाची पावती वडिलांच्या नावावर, तीही सापडत नाही. तेव्हा धावून येतो तो लग्नाचा अल्बम. अडीच लाखांचा तो अल्बम घरात कुणी तिसऱ्यांदा उघडलेला नसतो. वकील मात्र भिंग लावून बघतात. 'हा राणीहार, ही मोहनमाळ, पान नंबर चौदा.'

कॅन्डिडच्या नादात मंगळसूत्र सोडून काहीच फोकसमध्ये नाही, असंही निघतं.

बायकोला मिळते ती पोटगी. पोटगी हा हिस्सा नाही. ती ठरवताना नवऱ्याची मालमत्ता बघतात, पोटगीचा बोजा त्या मालमत्तेवर चढवू शकतात, मालकी देत नाहीत. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही साफ केलं: वेगळं झाल्यावर नवऱ्याची भरभराट झाली म्हणून त्याच्या संपत्तीशी बरोबरी साधणारी पोटगी मागता येणार नाही. एकेकाळी तर आकड्याचा प्रश्नच नव्हता. फौजदारी प्रक्रियेच्या कलम १२५ खाली केंद्राने घातलेली कमाल मर्यादा होती महिना ५०० रुपये. ती उठली २००१ मध्ये.

तोवर गहू, गॅस आणि शाळेची फी त्या मर्यादेचा मान राखून थांबले होते का?

पोटगीच्या तारखेला नवरे जे गरीब होतात, त्याला तोड नाही. स्थळ बघताना बायोडेटात 'पॅकेज २४ लाख, गावी बागायती, स्वतःची गाडी'. कोर्टात तोच गृहस्थ आईच्या औषधांनी पिचलेला, भावाच्या घरात उपकारावर राहणारा. गाडी मित्राची. बागायत कोरडवाहू. या नाट्याला कंटाळूनच सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्ज केल्या दिवसापासून द्या असं सांगितलं. हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेलं. पत्नीचा अर्ज अंतरिम पोटगीचा होता.

सात वर्षं चालला.

पोटगी नवऱ्यालाही मागता येते बरं का. कलम २४ आणि २५ ला लिंगभेद नाही. मागतातही काही जण. तेव्हा पुरुषार्थ आडवा येत नाही.

राहायचा हक्क मात्र तिला आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा सांगतो की सामायिक घरातून तिला असंच बाहेर काढता येणार नाही, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. पण हक्क राहण्याचा. भिंतीला खिळा ठोकता येईल, भिंत विकता येणार नाही.

आणि ज्या कमावत्या पोरी हप्ता भरतात, त्यांचं काय? बँकेला दोन पगार दिसले की कर्ज मोठं मिळतं, म्हणून बायको सहकर्जदार. करारनाम्यावर मात्र नाव एकट्या नवऱ्याचं, कारण बुकिंग लग्नाआधी केलं होतं. वर सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचं नाव घालून कृतकृत्य व्हायचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सहकर्जदार म्हणजेही मालक नव्हे. संसार मोडला तरी हप्त्याचा मेसेज दोघांना येतो.

बँक घटस्फोट मानत नाही. या देशात सातजन्मी नात्यावर विश्वास असलेली तेवढी एकच संस्था उरली.

संसार मोडला, हे सिद्ध तरी कुठे करायचं? लग्न सावरण्यापलीकडे मोडलं असेल तर तेवढ्यावर घटस्फोट द्या, असं विधी आयोगाने १९७८ मध्ये सुचवलं. २००९ मध्ये परत सुचवलं. कायद्यात अजून ते कारण नाही. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सर्वोच्च न्यायालय मात्र घटनेच्या कलम १४२ खाली असा घटस्फोट देऊ शकतं. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाला तो अधिकार नाही.

लग्न गल्लीत मोडतं. मोडल्याचा दाखला दिल्लीत मिळतो.

गल्लीत मिळतो तो परस्परसंमतीचा. वर्षभर वेगळे राहा, अर्ज करा, आणखी सहा महिने थांबा. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं २०१७ मध्ये ठरलं. संमती नसेल तर क्रूरता, परित्याग वगैरे सिद्ध करा. तेही जपून. पुण्यातून सुरू झालेल्या एका गाजलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मान्य केलं की बायकोने नवऱ्याला छळलं, क्रूरता झाली. पण त्यानंतरही दोघांचा संसार चालू राहिला, मूल झालं, म्हणजे त्याने माफ केलं. दावा फेटाळला.

पारशांच्या वादाच्या घटस्फोटात अजूनही न्यायमूर्तींबरोबर समाजाचे पाच प्रतिनिधी बसतात, देशात उरलेली जवळपास शेवटची ज्युरी. इतरांना गरज पडत नाही. आपल्या सोसायटीची ए विंग समर्थ आहे.

दुसरीकडे 'नांदायला ये' ही नोटीस आहेच. कलम ९. जोडीदार कारण नसताना वेगळा राहत असेल तर त्याला परत बोलावण्याचा हुकूम मागता येतो. ही कल्पना मूळची इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांची; आपल्या परंपरेशी तिचा काडीचा संबंध नाही. रखमाबाईंना मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग. टिळकांसकट अनेक थोर मंडळी रखमाबाईंच्या विरोधात होती. पुढच्या वर्षी नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि त्या डॉक्टर झाल्या. इंग्लंडने हा प्रकार १९७० मध्ये बंद केला.

आपण तो परंपरा म्हणून सांभाळला आहे.

आजकाल ही नोटीस प्रेमाने कमी आणि पोटगीच्या धाकाने जास्त निघते. ती अर्ज करते, हा नांदायला बोलावतो. आली नाही की 'बघा साहेब, तीच येत नाही'. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाटही अरुंद केली: असा हुकूम न पाळल्याने पोटगी आपोआप बुडत नाही.

सासरी नाव नाही, तर माहेरी आहे का? कायद्यात आहे, ऐटीत आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना. केंद्राने २००५ मध्ये सगळ्यांना दिला. मग तलाठ्याकडे काय होतं? हक्कसोडपत्र होतं. भाऊ ओवाळणी घालतो, बहीण सही करते. पुढे 'माहेर तुटायला नको' हे एवढं एकच कलम लागू.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे उलटं करून पाहिलं. लक्ष्मीमुक्ती. नवऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करायची, आणि गावात शंभरेक जणांनी केली की गावाचा सत्कार. अनेक गावांनी केलीही. १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं, बायकोचं नाव सहमालक म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोय केली. परिपत्रक अजून आहे. आपल्या तलाठ्याला विचारून बघा, त्याच्या चेहऱ्यावर इतिहास उमटेल.

माहेरचा हिस्सा सोडलेला, सासरचा नसलेला. महाराष्ट्रात बाईला हमखास निम्मं मिळतं ते २०२३ पासून, एस.टी.च्या तिकिटात.

आणि हे सगळं बांद्यापर्यंतच. पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गणित बदलतं. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून नांदते आहे. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर दोघांचं सगळं सामाईक, निम्मं-निम्मं. आधीचंही, नंतरचंही. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. प्राप्तिकर कायदासुद्धा पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत समान वाटून कर मागतो. घटस्फोट तर तिथे १९१० पासून आहे.

सिंधुदुर्गात परतताना नाक्यावर डिकी उघडायला लावतात. बाटल्या सापडतात. निम्म्या हिश्शाचा कायदा लपवून आणताना आजवर कुणी सापडलेलं नाही.

गोव्याचीही आरती नको. मालकी निम्मी, पण कारभार नवऱ्याकडे. शिवाय १८८० ची हिंदूंच्या चालीरीतींची संहिता: बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा. कुणी वापरत नाही म्हणतात. मग पुसत का नाहीत?

समान नागरी कायद्याच्या सभेत गोव्याचं नाव घेतलं की टाळ्या पडतात. उत्तराखंडने २०२४ मध्ये असा कायदा केलाही. लिव्ह-इनची नोंदणी आणली. गोव्यातली नवरा-बायकोची निम्मी मालकी?

ती सोडून सगळं सुचलं.

केंद्रात एकदा जवळ आलं होतं. घटस्फोटात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. 

मग कायद्याची वाट न बघता करता येण्यासारखं काही आहे का? आहे. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती जाहीर झाल्याबरोबर पुष्कळ नवऱ्यांना स्त्रीसन्मानाचा उमाळा आला. बिल्डरच्या ऑफिसात 'मॅडमच्याच नावावर करू' हे वाक्य घुमू लागलं.

आधीच घेतलेलं राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने देता येतं. मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार साधारण एक टक्का.

एक टक्का वाचत होता तेव्हा मॅडमचं नाव सुचलं. एक टक्का भरायचा म्हटल्यावर साहेब म्हणतात, 'अगं, माझं ते तुझंच ना!'